गिनीपिगांचा मेळावा

माणसांनी आपापली जनावरे घेऊन एका ठिकाणी जमायचे, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला यात्रा भरते. तेथे दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडे आणि गाढवे यांचा मोठा बाजार भरतो. 'जनावर' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण 'जानवर' म्हणतो. ज्याला जान आहे, तो जानवर.

आता घोड्याऐवजी ओंजळीत मावेल असे एक जनावर डोळ्यांसमोर आणा. त्याचे नाव गिनीपिग. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ते पाहायला मिळते. समजा, पेण, वडखळ आणि नागोठणे येथील चारपाच मुलांनी गिनीपिग पाळले आहेत आणि एके दिवशी सर्वांनी वडखळला मोकळ्या जागेत जमायचे ठरवले आहे. ही तयारी कशी करावी?

त्यासाठी प्राण्याची ओळख हवी. त्याचे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. तो डुकराच्या जातीचा नाही आणि गिनी देशातलाही नाही. तो उंदीर व खार यांच्याप्रमाणे कुरतडणारा प्राणी आहे. आपल्या डोंगरांतले साळिंदर हे त्याचे दूरचे नातेवाईक. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात लोक हजारो वर्षांपासून त्याला पाळतात. आपण कोंबड्या पाळतो, तसे तेथे तो घरात पाळून खातात. त्याचे वजन साधारण एक किलो असते आणि त्याला शेपूट नसते. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत गवत चघळावे लागते.

एका बाबतीत तो आपल्यासारखा आहे. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. 1907 साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही हा रोग झाला. खलाशांच्या या जुन्या रोगाचे कारण आहारात आहे, हे समजण्यास त्या प्रयोगाची मोठी मदत झाली. प्रयोगशाळेत या मुक्या जिवाने माणसासाठी फार सोसले आहे. म्हणून मेळाव्याच्या शिदोरीत ताजी कोथिंबीर किंवा ढोबळी मिरचीचे तुकडे असू द्या. कांदा मात्र चुकूनही नको.

आता जागा. वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो. तेथे रात्रंदिवस अवजड वाहने धावतात. त्यांच्या भोंग्यांनी माणूस दचकतो, मग एवढासा प्राणी का नाही दचकणार? रस्त्याच्या कडेचे गवतही धुळीने आणि धुराने माखलेले असते. ते त्याला खायला घालणे योग्य नाही. नाक्यापासून आत, जिथे आंब्याची किंवा चिंचेची दाट सावली आहे, अशी वाडी शोधावी. वाडीच्या मालकाची आगाऊ परवानगी घ्यावी आणि गवतावर कीटकनाशक फवारले आहे का, तेही त्याच वेळी विचारावे. कुंपणाजवळ घाणेरी किंवा कण्हेर असेल, तर तेथून लांब बसावे. दोन्ही झाडे विषारी आहेत.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ऊन. गिनीपिगला आपल्यासारखा घाम येत नाही. सुमारे 26-27 अंशांच्या पुढे पारा गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो, आणि कोकणात तेवढे तापमान वर्षातले बहुतेक दिवस असते. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत असा मेळावा भरवू नये. पावसाळ्यात जमीन ओली असते, तेव्हाही नको. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. दव वाळल्यावर जमावे आणि ऊन तापण्यापूर्वी घरी निघावे. दोन तास पुष्कळ झाले. गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून करंडीत ठेवली, तर प्रवासात त्याला गारवा मिळतो.

गवतावर लाकडी चौकटीला जाळी मारून छोटे कुंपण करावे. कुंपणाला वरूनही जाळी हवी. कोकणात आकाशात घार नाही असा दिवस विरळा, आणि कावळे तर बोलावल्याशिवाय येतात. जमिनीवर कुत्री, मांजरे आणि मुंगूस आहेतच. म्हणून कुंपणाजवळ एक मोठे माणूस सतत बसलेले असावे. मुले खेळात रमली की विसरतात, हे शिक्षकाला सांगायला नको. आत पुठ्ठ्याची खोकी पालथी ठेवावीत. प्रत्येक प्राण्याला लपायला एक खोके मिळाले पाहिजे.

सगळे गिनीपिग एकाच कुंपणात सोडण्याचा मोह होईल. तो आवरावा. अनोळखी नर एकमेकांना चावतात. नर आणि मादी एकत्र सोडल्यास सुमारे दोन महिन्यांनी घरात पिले दिसतील, तीही जन्मतःच डोळे उघडलेली आणि अंगभर केस असलेली! मग त्यांना सांभाळणार कोण? शिवाय रोगाचा धोका असतो. 2022 साली गुरांमध्ये लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या, कारण जनावरे एकत्र आली की रोगही एकत्र येतो. ज्याच्या नाकातून पाणी येते किंवा जो शिंकतो आहे, त्या गिनीपिगला घरीच ठेवावे. मालकाने एकट्याने यायला हरकत नाही. सशाला या कुंपणात घेऊ नये. ससा निरोगी दिसला तरी त्याच्याकडून गिनीपिगला श्वसनाचा रोग लागू शकतो.

मेळाव्याला आलेली मुले प्रत्येक प्राणी हातात घ्यायला धावतील. येथे खरी खबरदारी हवी. गिनीपिग खूश असला की उड्या मारतो, खाऊ दिसला की शिट्टीसारखा आवाज काढतो. पण भीती वाटली की पुष्कळदा तो ओरडत नाही. तो दगडासारखा स्तब्ध होतो. पाहणारा म्हणतो, "किती शांत आहे!" प्रत्यक्षात त्याचे काळीज धडधडत असते. अशा वेळी त्याला खोक्याखाली जाऊ द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा उचलू नये. उचलायचे झाल्यास जमिनीवर बसून, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून उचलावे. उभ्याने उचललेला प्राणी निसटून पडला, तर त्याचे हाड मोडू शकते.

घरी परतल्यावर त्याला पाणी आणि गवत द्यावे व निवांत राहू द्यावे. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो खातो का, लेंड्या नेहमीसारख्या टाकतो का, हे पाहावे. गिनीपिगचे खाणे थांबले की त्याचे आतडेही मंदावते, आणि एका दिवसातच त्याच्या जिवावर बेतू शकते. "उद्या पाहू" असे न म्हणता त्याच दिवशी त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.