आधी दार ओळखा

पोरांनो, कॉन्व्हेंटच्या वाडीत कुणी फीत घेऊन मोजणी करताना दिसलं की संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरायला लागतं: ‘सिस्टरांनी चर्चची जमीन विकली.’ एवढ्याशा वाक्यात किती चुका! जमीन बहुतेकदा चर्चची नसते, सिस्टरांच्या धर्मसंघाची असते. मोजणी झाली म्हणजे विक्री झाली असं नाही. आणि जिच्या नावाने बोटं मोडता, त्या मदर सुपिरिअरला एकटीने विकायचा अधिकारच नसतो. आमच्या वसईतले जुने मास्तर म्हणायचे, गाऱ्हाणं घेऊन निघण्याआधी ते कुणाच्या दारात न्यायचं ते ठरवा.

दार ओळखायचं कसं? फादरांच्या नावापुढची अक्षरं वाचा. एस. जे. असेल तर येशूसंघीय, एस. डी. बी. म्हणजे सालेशियन, ओ. एफ. एम. म्हणजे फ्रान्सिस्कन. अक्षरं नसतील तर ते बहुधा धर्मप्रांताचे, म्हणजे वरिष्ठ बिशप. अक्षरंवाल्यांचे वरिष्ठ निराळे: आधी त्या घराचे सुपिरिअर, त्यांच्यावर प्रोव्हिन्शियल. सिस्टरांचंही साधारण तसंच. काही संघ थेट रोमच्या अधिकाराखाली असतात, काही स्थानिक बिशपांच्या. आपल्या गावातला संघ कुठला ते सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बिशप म्हणजे सगळ्यांचे साहेब, अशा समजुतीने माणसं बिशप हाऊसला खेटे घालत बसतात. कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, कलम ६७८ प्रमाणे उपासना, भाविकांची आत्मिक काळजी आणि संघाचं बाहेरचं सेवाकार्य यांत बिशपांचा शब्द चालतो. घरातला कारभार संघाचा, तो कलम ५८६ ने राखून ठेवलाय. म्हणजे मिस्सा कशी होते, धर्मशिक्षणात काय शिकवलं जातं, हे बिशपांकडे नेता येतं. अमक्या सिस्टरची बदली का केली, हे नाही.

वाडीच्या बाबतीत आधी सातबारा काढा. नाव कुणाचं लागलंय ते बघा. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. कॅनन लॉचं कलम ६३८ ही वेगळी चाळणी: वरिष्ठांची लेखी परवानगी, त्यांच्या सल्लागार मंडळाची संमती आणि ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर रोमची परवानगी. हे ठाऊक असलेला माणूस आरडाओरडा करत नाही, कागद मागतो.

मग पत्र. एक पान, एकच विषय. ‘आपण वाडी बिल्डरच्या घशात घालत आहात’ असं लिहिलंत की पुढचं कुणी वाचत नाही. असं लिहा: ‘अमुक सर्व्हे नंबरच्या जमिनीची मोजणी होताना मी अमुक तारखेला पाहिलं. विक्रीचा विचार आहे का, आणि असल्यास विहिरीकडे जाणाऱ्या वाटेचं काय होणार, हे कृपया कळवावं.’ पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. खाली सही करा. निनावी पत्राला टोपली ठरलेली, आणि ते रास्तच आहे. पोच घेऊन स्थळप्रत घरात ठेवा. सुपिरिअर ठरावीक मुदतीसाठी असतात, नवीन येणाऱ्याला मागचं काही ठाऊक नसतं. तेव्हा तुमच्याजवळची प्रतच कामाला येते.

पत्राआधी एकदा समोरासमोर भेटा. रविवारी मिस्सा सुटल्यावर अंगणात गाठू नका, वेळ मागून जा, बरोबर एखादी जाणती बाई असू द्या. आणि दार उघडायला आलेल्या तरुण सिस्टरला आतल्या बातम्या विचारू नका. तिने आज्ञाधारकतेचं व्रत घेतलंय. तुम्ही चहा पिऊन घरी जाता, उत्तरं तिला द्यावी लागतात.

‘फादर-सिस्टरांबद्दल बोललं की पाप लागतं’ हे आमच्या आज्यांचं म्हणणं सोडून द्या. १९८३ च्या कॅनन लॉचं कलम २१२ सांगतं की ख्रिस्तसभेच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मपालांना कळवणं हा प्रापंचिकांचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यसुद्धा, मात्र आदर राखून. कलम २२० त्याला लगाम घालतं, कुणाचं नाव अन्यायाने बदनाम करायचं नाही. ग्रुपवरच्या मेसेजचा निकाल तिथेच लागतो. पण आदर म्हणजे मिठाची गुळणी नव्हे. लीजन ऑफ क्राइस्ट या संघात वरिष्ठांवर टीका न करण्याचं खास व्रत होतं. संस्थापक मार्सियल मासिएल यांच्याविरुद्ध मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची तक्रार करणारी पत्रं १९७० च्या दशकातच रोमला पोचली होती, कारवाई झाली २००६ साली. ते व्रत पुढच्या वर्षी बंद करावं लागलं.

म्हणून लेकरांच्या अंगाला हात लागल्याची गोष्ट असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे सुपिरिअर नाही, वेळ मागणं नाही, ‘आपसात मिटवू’ तर मुळीच नाही. थेट पोलीस ठाणं, किंवा १०९८ वर फोन. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेला आणि २०२३ मध्ये कायम केलेला नियमही सांगतो की तक्रार करणाऱ्यावर गप्प बसण्याचं बंधन घालता येणार नाही. तसं कुणी सांगू लागलं तर तारखेसह लिहून ठेवा.

बाकीच्या बाबतीत उत्तर आलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवा, मग प्रोव्हिन्शियल. शेवटी रोममध्ये व्रतस्थ संघांसाठी स्वतंत्र खातं आहे, तिथेही लिहिता येतं. पण आधीच्या सगळ्या पत्रांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून जोडा. खाली काय प्रयत्न केले ते दिसलं नाही, तर तुमचा कागद फिरून प्रोव्हिन्शियलच्याच टेबलावर यायचा.