वेल्डिंग सेटची रेस उतरत नाही तेव्हा

फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याकडेला पाइपलाइन जोडायची किंवा उसाचा ट्रेलर शेतातच सांधायचा, तर थ्री फेजच्या पाळीची वाट बघून भागत नाही. डिझेल इंजिनवरचा वेल्डिंग सेटच न्यावा लागतो. कमिन्सच्या कारखान्यामुळे इंजिन कळणारा माणूस इथे शोधावा लागत नाही. पण जुन्या सेटचं आयडल कार्ड, म्हणजे काम थांबलं की रेस उतरवणारं सर्किट, गेलं की तोही हात वर करतो. कार्ड राळेत बुडवलेलं, नवं मिळत नाही. वेल्डर रॉड बदलतो, चहा घेतो, आणि इंजिन फुल रेसवर डिझेल पीत राहतं.

आधी कार्डाला येणारा पुरवठा मीटरवर बघा. काही जुन्या सेटमध्ये तो बॅटरीचा १२ नसतो, एक्सायटरचा ११५ व्होल्ट डीसी असतो. तसा निघाला तर पुढचं काही करू नका. झटका बसेल तो वेगळाच, साध्या रिलेचे पॉइंटही डीसीच्या ठिणगीने चिकटतील.

१२ व्होल्ट असतील तर इंजिन चालू ठेवून रेसचा लिव्हर ओढणाऱ्या सोलेनॉइडला थेट बॅटरीचा पुरवठा द्या. दांडा खटकन ओढला जाऊन रेस उतरली, तर सोलेनॉइड ठीक. नाही उतरली तर लिव्हरची पिन, स्प्रिंग, साचलेली माती बघा. पुष्कळदा बिचाऱ्या कार्डाचा दोषच नसतो.

आता नवं कार्ड. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काम करा. फ्यूजमधून आलेले १२ व्होल्ट ७८०९ रेग्युलेटरला द्या आणि त्याच्या ९ व्होल्टवर ५५५ आयसी चालवा. पिन ४ आणि ८ प्लसला, १ निगेटिव्हला. पिन २ आणि ६ एकत्र करून तिथून प्लसला १०० किलोओहम आणि निगेटिव्हला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो भरायला साधारण ११ सेकंद लागतात. रॉड बदलायला तेवढे पुरतात. कपॅसिटर नवाच घ्या, गळका असला तर रेस कधीच उतरणार नाही. प्लस आणि पिन ३ च्या मध्ये ९ व्होल्टचा रिले येतो. त्याच्या कॉइलला मालिकेत एक १एन४००७ डायोड हवा, नाहीतर आउटपुट वर गेल्यावरही उरलेल्या दीडेक व्होल्टवर रिले सुटायला कुरकुर करतो. शिवाय कॉइलवर आणि सोलेनॉइडवर एकेक उलटा डायोड. रिलेचे पॉइंट सोलेनॉइडला पुरवठा देतील.

या जोडणीत कार्ड बंद पडलं तरी स्प्रिंग रेस वर ठेवते. डिझेल जास्त जाईल, पण काम अडणार नाही. उलट जोडणी मी कुणाला सुचवणार नाही.

आर्क कळण्यासाठी रीड स्विच. अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात तो पाइपच्या लांबीच्या दिशेने सरकवा, तुकड्यावर वेल्डिंग केबलचे दोन वेढे द्या. रॉड टेकताच स्विच जुळून १०० ओहममधून कपॅसिटर रिकामा करतो, रिले सुटतो, रेस चढते. बारीक रॉडवर दाद देत नसेल तर तिसरा वेढा द्या.

ग्राइंडरचा करंट मात्र या केबलमधून जात नाही. कार्ड समजतं काम थांबलं, रेस उतरवतं, आणि कमी व्होल्टेजवर ग्राइंडर तापतो. म्हणून सोलेनॉइडच्या तारेत एक साधा स्विच ठेवा आणि ग्राइंडर लावण्याआधी तो बंद करा.

कार्ड इंजिनपासून दूर, रबरी बुशवर बसवा. कपॅसिटरचे पाय आखूड ठेवून तो सिलिकॉनने चिकटवा, कारण हादऱ्याने आधी तोच तुटतो. राळ ओतू नका. पुढच्या वेळी उघडायचं आहे. शेवटी आयडलचे फेरे टॅकोमीटरवर लावा, सेटच्या पाटीवरच्या आकड्याखाली नेऊ नका.