टाकी कोण रिकामी करणार?

कोथरूड, पुणे

चि. सोनू,


तुझ्या कॅम्परचा नकाशा पाहिला. सूनबाईने कडेला पेन्सिलीने लिहिलेले प्रश्नही वाचले. गाडी ट्रॅक्स, वर उचललं जाणारं छत, उचलल्यावर चारी बाजूंना कापडी भिंती, आत झोपायची सोय आणि मागच्या कोपऱ्यात शॉवर व कमोडची एकच बांधीव खोली. वर्कशॉपवाला म्हणतो, आत्ताच दोन्ही बसवून घ्या, नंतर तोडफोड नको. आणि तू विचारतोस, ‘आत्या, बसवू का?’

फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळी झाले असते. पण तुझ्या आत्याने पस्तीस वर्षं नोकरीत पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या नळांचेच नकाशे काढले आहेत, त्यामुळे या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देणं मला जमत नाही. उत्तर मात्र आधीच सांगते, म्हणजे तू शेवटचं पान उलटून बघणार नाहीस. शॉवर बसवू नकोस. कमोड घे, पण गाडीत बांधून नको; झाकण लावून हाताने उचलून नेता येईल असा डब्याचा घे.

शॉवरचं आधी संपवते. आपल्या साध्या बादलीच्या आंघोळीला पंधरा लिटर पाणी लागतं. तुम्ही चौघे आणि माझी आई, म्हणजे रोजचे पंचाहत्तर लिटर. दोन दिवसांचे दीडशे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसं गाडीत जास्तीची बसवल्यासारखं झालं. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी यात धरलेलं नाही. शिवाय अंगावरून गेलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते साठवायला तेवढीच दुसरी टाकी हवी. ताम्हिणी घाट उतरताना वळणावर अर्धी भरलेली टाकी कशी डुचमळते आणि गाडी कशी बाहेर ओढली जाते, हे गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. पाण्याची जी टाकी घेशील तीसुद्धा लहान घे, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, शक्य तितकी खाली बसव आणि आत आडव्या पट्ट्या आहेत ना ते बघून घे.

पुढची गोष्ट तुझ्या कापडी भिंतींची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापड वाळतच नाही. त्यात आतून आंघोळीची वाफ कोंडली की छत मिटल्यावर त्या घड्यांमध्ये बुरशी धरणार. एकदा धरलेला तो कुबट वास जाता जात नाही. आणि गरम पाण्यासाठी वर्कशॉपवाला गॅसचा गिझर सुचवतोय, तो अजिबात नको. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरच्या धुराने माणसं बेशुद्ध होऊन दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. ट्रॅक्सचा मागचा कोपरा म्हणजे बाथरूमपेक्षाही लहान डबा. तिथे माझी नातवंडं आंघोळ करणार असतील तर मी हे तुला विनवून सांगते आहे असं समज.

मग आंघोळ कुठे? एमटीडीसीच्या आवारात, एखाद्या घरगुती खानावळीच्या न्हाणीत, नाहीतर गाडीच्या मागच्या दाराला ताडपत्री अडकवून बादली आणि तांब्या घेऊन. पातेलंभर पाणी शेगडीवर गरम केलं की दोन मुलांचं काम होतं. साबणाचं पाणी धरणाच्या काठावर मात्र ओतायचं नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं आणि खडकवासल्याचं पाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला. पवनेच्या काठाला तंबूवाल्यांची जी गर्दी झाली आहे, त्या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, म्हणजे तुझ्या सासुरवाडीची माणसं पितात. काठापासून लांब, मुरमाड जमिनीवर, पसरून टाक.

आता कमोड. इथे मला जरा सावकाश लिहू दे, कारण इथेच माणसं चुकतात.

गरज खरी आहे, हे पहिल्यांदा मान्य करते. माझ्या पिढीच्या बायका प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करत आल्या. मीही केलं. साइटवर दिवसदिवस जायचं आणि आडोसा नाही. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, संध्याकाळी लघवीला जळजळ. आई आता एक्याऐंशीची आहे, गुडघे वाकत नाहीत, भारतीय पद्धतीच्या संडासात तिला बसताच येत नाही आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. ती तुमच्याबरोबर दिवेआगरला यायला नाही म्हणते, तेव्हा ती समुद्राला नाही म्हणत नसते, सोनू. तिला भीती असते रात्रीची. त्यामुळे ‘आपण काय, कुठेही जाऊ शकतो’ असं तू लिहिलंयस ते वाक्य खोडून टाक. तू जाऊ शकतोस.

पण गरज खरी आहे म्हणून बांधीव खोली बरोबर ठरत नाही. पुण्यात याचं चांगलं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर झालं. २०१६ च्या सुमाराला उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी पीएमपीच्या भंगारात निघालेल्या बसमधून बायकांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी केली. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेपाशी मी स्वतः त्यातल्या एका बसमध्ये गेले होते. आत कमोड, बेसिन, बाळाचं लंगोट बदलायला जागा. बाहेर पडताना मला फार बरं वाटलं होतं. पण नीट आठव, ती बस चालत नव्हती. एका जागी उभी राहिली, तिला पाण्याचा नळ मिळाला, मैल्याला वाट मिळाली आणि स्वच्छ ठेवायला माणूस मिळाला, म्हणून ती स्वच्छतागृह झाली. तुझी गाडी सोमवारी सकाळी ऑफिसला जाणार आहे. तिच्या खालची टाकी कुठे जाणार?

परदेशातल्या कॅम्परवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्या तळांवर मैला ओतायची पक्की जागा असते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण ताम्हिणीपासून हरिहरेश्वरपर्यंत जाताना टाकी भरली तर अमक्या जागी जाऊन रिकामी कर, असं मी तुला आज सांगू शकत नाही.

आणि टाकी किती लवकर भरते ते बघ. हे डब्याचे कमोड बनतात कागद वापरणाऱ्यांसाठी. खालची टाकी साधारण वीस लिटरची. आपण पाण्याने धुतो. धुण्याचं आणि वरून सोडण्याचं मिळून एका वेळेला दोन लिटर सहज जातं. म्हणजे दहा वेळा. पाच माणसांनी मोकळेपणाने वापरलं तर शनिवारी दुपारी निघालेला डबा रविवारच्या चहापर्यंत काठोकाठ. त्यांच्या पुस्तिकेत ‘चार दिवस’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नकोस.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी कोकणात जायला आत संडास असलेली एक मोठी गाडी भाड्याने घेतली होती. दुसऱ्या दिवशी टाकी भरली, खालची तोटी अडकली आणि गाडीत बसवेना. ज्या लॉजवर थांबलो तिथे ड्रायव्हरने एका पोराला बोलावलं, हातात दोनशे रुपये ठेवले आणि त्या पोराने गाडीखाली आडवं होऊन, उघड्या हातांनी ती टाकी मोकळी केली. आम्ही सहा सुशिक्षित बायका व्हरांड्यात चहा पीत होतो. मला सगळं दिसत होतं. हाताने मैला साफ करायला लावणं कायद्याने गुन्हा आहे हेही माझ्या पेशामुळे मला पुरतं ठाऊक होतं. मी उठले नाही. त्याचं तोंड मला अजून आठवतं.

अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव तुझ्या पिढीने ऐकलं नसेल. कोकणातला माणूस, गांधींचा सहकारी. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतः करायची परवानगी मागितली, ती मिळेना म्हणून अन्न सोडलं; त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधींनीही उपास केला. म्हणजे ही गोष्ट आपल्या पुण्यातलीच. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत होईल असे साधे, स्वस्त संडास बनवण्यावर वर्षं घालवली. आपला मैला ही आपलीच जबाबदारी, एवढा त्यांचा हट्ट होता.

त्यांच्याकडून जे शिकले ते डॉ. सुहास मापुसकर. १९५९ साली ते देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. गावात संडास नव्हते आणि दवाखान्यात येणारी बरीचशी माणसं पोटाच्याच आजारांची. त्यांनी आधी बांधून घेतलेले संडास पावसात ढासळले. दुसरा कुणी असता तर गोळ्या देत बसला असता. हे अप्पासाहेबांच्या पद्धतीपाशी गेले, जमीन कशी आहे, पाणी कुठून झिरपतं, खड्डा किती दिवसांत भरतो हे शिकले आणि जन्मभर देहूतच राहून गाव संडासाला राजी केलं; पुढे संडासाला जोडलेल्या बायोगॅसवरही काम केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मला नोकरीत कुणी नवीन मुलगा भेटला की मी त्याला मापुसकरांचं सांगायची. भांडं कुठलं घ्यायचं हे ते सगळ्यात शेवटी ठरवत. आधी भांड्याच्या खाली काय होणार ते बघत. तुझ्या नकाशात भांड्याचा रंगसुद्धा लिहिलेला आहे आणि खालच्या टाकीपुढे नुसती एक रेघ आहे.

म्हणून माझं म्हणणं ऐक. डब्याचा कमोड घे. तो फक्त आईसाठी, रात्रीसाठी आणि मुलांच्या अडीअडचणीला. बाकीच्यांनी पेट्रोल पंप, खानावळ, मुक्कामाची जागा वापरायची. असं केलंत तर दहा वेळांचा डबा दोन दिवस पुरेल. त्यात फॉर्मलिनची निळी औषधं घालू नकोस. ज्या सेप्टिक टँकमध्ये ती जातात तिथले मैला पचवणारे जिवाणू मरतात. बायोडायजेस्टर बसवा असंही तुला कुणी सांगेल. त्यातल्या जिवाणूंना नियमित खाणं लागतं, महिन्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीत त्यांचा भरवसा नाही.

घरी आलास की डबा स्वतः वर ने आणि स्वतःच्या संडासात ओत. भरलेला डबा वीस किलोच्या वर जातो, तेव्हा दोघे धरा. सोसायटीच्या वॉचमनच्या संडासात ओतायचा नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात तर मुळीच नाही. आपल्या दारातला कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई हाताने वेगळा करतात, वापरलेल्या नॅपकिनच्या पुडीवर लाल ठिपका काढा एवढी साधी विनंती त्यांना पुणेकरांना करावी लागली, हे तुला माहीत आहे. वाटेत एखाद्या मुक्कामी ओतायचा झाला तर मालकाला विचारून, त्याच्या सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, आणि नंतर ती जागा आपण धुवायची. ड्रायव्हर ठेवलास तरी हे काम त्याचं नाही. हे आधी ठरव आणि सूनबाईसमोर ठरव, नाहीतर सगळं तिच्याच गळ्यात पडेल.

दोन गोष्टी वर्कशॉपवाल्याला विचारायच्या राहिल्या आहेत. गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही, ती कोण आणणार? आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, ते त्याने वाचलं आहे का? आपल्याच वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहे. तो हात झटकायला लागला तर दुसरा वर्कशॉपवाला शोध.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या नकाशात कमोड छत उचलल्यावरच वापरता येतो. रात्री दोन वाजता, पाऊस पडत असताना, ढाब्याच्या आवारात तू आईसाठी छत उचलणार आहेस का? छत मिटलेलं असताना तिला तिथे बसता आलं पाहिजे. उठताना धरायला भिंतीत दांडी पाहिजे, पाय टेकायला रबरी चटई, आणि आडोशाला जाड पडदा. शॉवरची जागा वाचली आहे, ती यासाठी वापर.

परवा पालखी बघायला आईला नेलं होतं. वारीच्या तळांवर आता फिरत्या शौचालयांच्या रांगा लागतात, ते पाहून ती म्हणाली, ‘हे आमच्या वेळी असतं तर मी एकदा तरी चालत गेले असते.’ घरी आल्यावर मी तिला खुर्चीवर ताठ बसवून टेप लावली. बैठकीपासून डोक्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. कमोडची उंची बेचाळीस धर आणि डोक्यावर दहा मोकळे सोड. रविवारी गाडी घेऊन ये. छत मिटवून आतली उंची आपण मोजू. एकशे तीसच्या खाली भरली, तर नकाशा पुन्हा काढायचा.

तुझी,
आत्या