विंचवाचा दंश आणि तीन वह्या

धामणकर नाक्याच्या परिसरातून बी.एस्सी. वा फार्मसीला जाणारी आपली मुले पेशीविज्ञान, चेताविज्ञान आणि औषधशास्त्र अशा तीन वह्या करतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी नावे घोकत बसतो, पहिल्या परीक्षेत मागे पडतो आणि कधी कधी कॉलेज सोडून यंत्रमागावर उभा राहतो. हे आम्हांस सलते. आमच्या मते या तीन वह्या एकत्र वाचाव्यात. त्याचा उत्तम दाखला आपल्या कोकणातच आहे.

महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावताना पाहिली. असे का व्हावे?

चेतापेशीच्या प्रद्रव्यपटलात सोडियम आयनांसाठी दारे असतात. संदेश जाताना ती सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ उघडतात व मिटतात. विंचवाचे विष ती वेळेवर मिटू देत नाही. हे झाले पेशीविज्ञान. दार उघडे राहिले की चेतातंतू संदेश पाठवीतच राहतो. ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन रक्तात लोटतात, रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. हे चेताविज्ञान.

आता औषध. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबावरची स्वस्त गोळी. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील अल्फा ग्राही अडविते, म्हणून वाहिन्या सैल होतात. विष शरीरात तसेच असते, फक्त त्याचा घातक परिणाम अडतो. (परीक्षेत नेमके हेच चुकते!) बावस्करांचा यावरील लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांत शेकडा पंचवीस-तीस दगावत. या उपचाराने हे प्रमाण पुष्कळच खाली आले. जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनीच २०११ साली दाखविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र ही गोळी घरी देऊ नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्णास दवाखान्यातच न्यावे.

वहीच्या पानावर आधी ही साखळी आपल्या मराठीत लिहा, मग प्रत्येक कडीसमोर तिचे इंग्रजी नाव. आमच्या अनुभवात नावे अशीच टिकतात.

सरावासाठी एक प्रश्न देतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलिन मोडणारे विकर बंद पाडतात. मग अशा रुग्णास ॲट्रोपिन का देतात, आणि ते कोणत्या ग्राहीवर काम करते?