अणुस्फोटानंतरचा किरणोत्सर्ग : मोजमाप आणि माणूस

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता जपानमधील हिरोशिमा शहरावर आणि ९ ऑगस्ट रोजी अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार व नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. जे वाचले त्यांच्यापुढे मात्र एक निराळाच प्रश्न उभा राहिला. आपल्या शरीरात किती किरणोत्सर्ग गेला? त्या दिवशी कोणाही नागरिकाजवळ मापक नव्हते. त्यामुळे जे कोणी मोजले नव्हते, ते नंतर शोधून काढण्याचे काम शास्त्रज्ञांना करावे लागले. ते अद्यापही पूर्णपणे संपलेले नाही.

किरणोत्सर्गाचे दोन प्रकार

स्फोटाच्या वेळी व त्यानंतरच्या साधारण एका मिनिटात गामा किरण व न्यूट्रॉन यांचा जो मारा झाला, त्यास प्रारंभिक किरणोत्सर्ग म्हणतात. त्यानंतर जो मागे राहिला तो अवशिष्ट किरणोत्सर्ग होय. अवशिष्ट किरणोत्सर्गाचेही दोन उगम आहेत. न्यूट्रॉनांच्या आघाताने माती, विटा, लोखंड इत्यादी पदार्थ स्वतःच किरणोत्सारी बनतात, हा पहिला. बाँबमधील विखंडनातून निर्माण झालेले पदार्थ धूळ व पावसाबरोबर जमिनीवर येतात, हा दुसरा.

हिरोशिमाचा स्फोट जमिनीपासून सुमारे ६०० मीटर, तर नागासाकीचा सुमारे ५०० मीटर उंचीवर झाला. अग्निगोल जमिनीला टेकला नाही. त्यामुळे विखंडनजन्य द्रव्याचा फार मोठा भाग वातावरणात उंच गेला आणि दूरवर विखुरला.

पहिली मोजणी

भौतिकशास्त्रज्ञ योशिओ निशिना ८ ऑगस्ट रोजी हिरोशिमात पोहोचले. रेडक्रॉस रुग्णालयात बंद ठेवलेल्या क्ष-किरण फिल्म काळवंडलेल्या आढळल्या. क्योतो विद्यापीठातील बुनसाकू अराकात्सू यांच्या पथकाने १० ऑगस्ट रोजी मातीचे नमुने गोळा केले. विजेच्या खांबांवरील चिनीमातीच्या विद्युतरोधकांत जोडणीसाठी गंधक वापरलेले असे. वेगवान न्यूट्रॉनांमुळे या गंधकाचे किरणोत्सारी फॉस्फरसमध्ये रूपांतर होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे असल्याने मोजणी त्वरेने करणे भाग होते. ती जपानी संशोधकांनी त्या धामधुमीतच केली. पुढे अनेक दशके गणिताची पडताळणी करताना या नोंदींचा आधार घेतला गेला.

निसर्गाने मात्र सवड दिली नाही. १७ सप्टेंबर १९४५ च्या तुफानाने व पुराने हिरोशिमातील बरीच माती धुऊन नेली. या तुफानात दरड कोसळून क्योतो विद्यापीठाच्या पथकातील संशोधकांनाही प्राण गमवावे लागले. अमेरिकी पथकाने हिरोशिमाची सविस्तर पाहणी केली, ती या पुरानंतर.

काळाचा हिशेब

मातीतील मँगनीज-५६ चे अर्धायुष्य अडीच तासांहून थोडे अधिक असते. एका दिवसानंतर त्याचा सहाशेवा हिस्साही उरत नाही. सोडियम-२४ चे अर्धायुष्य १५ तासांचे आहे. आठवड्यानंतर त्याचा दोन हजारावा हिस्साही शिल्लक राहत नाही. न्यूट्रॉनांनी निर्माण झालेल्या किरणोत्सर्गापैकी सुमारे ८० टक्के पहिल्या चोवीस तासांतच बाहेर पडला, असा हिशेब मांडण्यात आला आहे. स्फोटकेंद्राच्या थेट खालील जागी तेव्हापासून सतत उभ्या राहणाऱ्या माणसास हिरोशिमात अधिकाधिक सुमारे ०·८ ग्रे आणि नागासाकीत ०·३ ते ०·४ ग्रे एवढी मात्रा मिळाली असती. एक किलोमीटर अंतरावर ती जवळजवळ शंभरावा हिस्सा होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्या दिवशी आप्तांच्या शोधार्थ शहरात आलेला माणूस आणि दोन आठवड्यांनी आलेला माणूस, या दोघांना मिळालेल्या मात्रा सारख्या असू शकत नाहीत. म्हणूनच मापनयंत्राइतकेच महत्त्व ‘केव्हा, कोठे व किती वेळ’ या तीन उत्तरांना आहे.

कौले, विटा आणि दात

१९४७ मध्ये अणुबाँब दुर्घटना आयोग स्थापन झाला. १९७५ मध्ये त्याची जागा किरणोत्सर्ग परिणाम संशोधन प्रतिष्ठानाने घेतली. वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन स्फोटाच्या क्षणी ते कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीआड व कोणत्या स्थितीत होते, याचे आराखडे तयार करण्यात आले. जपानी पद्धतीची घरे किरण किती अडवितात हे पाहण्यासाठी अमेरिकेतील नेवाडा वाळवंटात तशी घरे उभारून प्रयोग झाले. यांतून १९६५, १९८६ व २००२ या वर्षांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मात्रागणनेच्या पद्धती विकसित झाल्या.

पुरावा मात्र वस्तूंनी दिला. कौले व विटांतील क्वार्ट्झच्या कणांत गामा किरणांची ऊर्जा साठून राहते. ते तापविले असता प्रकाशरूपाने ती बाहेर पडते. त्या प्रकाशावरून मूळ मात्रा काढता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाशी संबंधित कामगारांसाठी विकसित केलेला बिल्ला याच तत्त्वावर चालतो. तांब्यात तयार झालेले निकेल-६३ वेगवान न्यूट्रॉनांची साक्ष देते. माणसाच्या दातांचे एनॅमल व रक्तपेशींतील गुणसूत्रांचे दोष यांवरूनही मात्रेचा अंदाज बांधता येतो.

काळा पाऊस आणि नकाशावरची रेषा

स्फोटानंतर काही वेळाने काजळी व धूळ मिसळलेला काळा पाऊस पडला. हिरोशिमाच्या पश्चिमेकडील कोई-ताकासू आणि नागासाकीच्या पूर्वेकडील निशियामा या भागांत जमिनीवरील किरणोत्सर्ग अधिक आढळला. निशियामातील एकूण मात्रा सुमारे ०·१२ ते ०·२४ ग्रे आणि कोई-ताकासूतील ०·००६ ते ०·०२ ग्रे असल्याचा अंदाज १९८६ च्या पद्धतीत वर्तविला आहे. शरीरात अन्न, पाणी व श्वासावाटे जे गेले, ते मोजणे यापेक्षाही कठीण आहे.

१९४५ मध्ये हवामानतज्ज्ञांनी लोकांना विचारून पावसाचा नकाशा आखला. पुढे १९७६ मध्ये त्यातील मुसळधार पावसाचा पट्टा शासकीय साहाय्यासाठी ग्राह्य धरण्यात आला. रेषेपलीकडील रहिवासी मात्र आपल्याकडेही तोच पाऊस पडला, असे सांगत राहिले. अखेर जुलै २०२१ मध्ये हिरोशिमा उच्च न्यायालयाने ८४ अर्जदारांना बाधित म्हणून मान्यता दिली. शासनाने त्यावर अपील केले नाही.

बोध

रुग्णालयांतील क्ष-किरण विभागांपासून अणुवीज केंद्रांपर्यंत सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या सुरक्षा-मर्यादा ठरविताना या अभ्यासाचा मोठा आधार घेतला जातो. परंतु आपत्ती कोणतीही असो, यातील धडा तोच आहे. पहिल्या काही दिवसांतील नोंदी पुन्हा मिळत नाहीत. पंचनामा, हजेरी, पावसाची नोंद, गाव सोडून गेलेल्यांची व गावात आलेल्यांची यादी ही कागदपत्रे त्या वेळी क्षुल्लक वाटतात. पन्नास वर्षांनंतर एखाद्या वृद्धाचा हक्क त्यांवरच अवलंबून असतो. आणि जेथे नोंद नाही, तेथे माणसाचा शब्द ऐकून घेण्याची तयारी हीदेखील शास्त्रीय वृत्तीच होय.