उन्हाळ्यातली शिवारफेरी : आपल्या रानाची वही आपणच लिहू

मैत्रिणींनो, रब्बी निघाली की खरिपाच्या पेरणीपर्यंत शेतातलं काम थोडं हलकं होतं. पोरांना सुट्टी असते, माहेरवाशिणी आलेल्या असतात. या दिवसांत गटानं हाती घ्यावं असं एक काम आहे. गावातल्या जाणत्या बायकांना पुढं घालून शिवारात फिरायचं, रानातली झाडं, झुडपं, वेली ओळखायच्या आणि त्यांची नोंद करायची. शेतात पेरलेली पिकं नव्हेत. बांधावर, ओढ्याला, गायरानात, देवाच्या जागेत आपलं आपण उगवतं ते.

"उन्हाळ्यात कुठं काय असतंय रानात?" असं कुणीही म्हणेल. पण आपला सोलापूर जिल्हा कोरडवाहू. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथली रानझाडं या उन्हाला सरावलेली आहेत, आणि त्यातली कितीतरी नेमकी उन्हातच फुलतात, फळतात. नेपतीला पान नसतं, पण मार्च-एप्रिलमध्ये तिच्या हिरव्या काड्यांवर तांबडी फुलं येतात. कडुनिंबाला पाडव्याच्या सुमाराला फुलोरा येतो आणि जूनकडं निंबोळी पिकायला लागते. तरवड माळावर पिवळा दिसतो. बाभळीच्या शेंगा शेळ्यांच्या तोंडाला लागतात. एरवी हिरव्या गर्दीत न दिसणारी झुडपं गवत वाळल्यावर लांबूनही ओळखू येतात.

वाघाटीचंच बघा. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी करायची रीत आपल्याकडं जुनी आहे. काही जण त्याला गोविंदफळ म्हणतात. त्या दिवशी पंढरपुरात आणि आसपासच्या बाजारात वाघाटी शोधून घेतात. पण ती वेल कुठं असते हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? पावसाळ्यात कुंपणाच्या हिरव्या जाळीत ती दिसत नाही. उन्हाळ्यात तिला फुलं येतात, पांढरी, आणि एक-दोन दिवसांत गुलाबी होणारी. तेव्हा जागा हेरून ठेवली तर आषाढात फळ हमखास मिळतं. काटे मात्र वाघनखासारखे वाकडे असतात, पदर सांभाळायचा.

आता हे लिहून कशाला ठेवायचं? आजीला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, पुरे की. पण पुरत नाही. आजी ज्या बांधावरून वाघाटी आणायची तो बांध जेसीबीनं साफ झालेला असतो, आणि आजी गेली की तिथं वाघाटी होती हेसुद्धा कुणाला आठवत नाही. झाड गेलं तर दुसरीकडून आणून लावता येतं. पण त्याचं नाव, ते कधी खुडायचं, कसं शिजवायचं, कुणी खाऊ नये, हे सगळं एका पिढीत पुसलं जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाण्यांचं त्यांचं ज्ञान सगळं तोंडी होतं. त्यांनी बचत गटाच्या बायकांना सोबत घेऊन ते बियाणं जपलं, वाढवलं, वाटलं, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्यांचं त्यांनी केलं, रानझाडांचं आपल्याला करता येईल.

दुसरं कारण कायद्याचं आहे, ते नीट समजून घ्या. 2002 साली जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. समितीचं मुख्य काम म्हणजे गावातल्या लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करणं. ही नोंदवहीची कल्पना ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी मांडली आणि रुजवली. 2004 च्या केंद्राच्या नियमांत समितीवर निदान एक तृतीयांश महिला असाव्यात असं लिहिलेलं होतं. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे.

बऱ्याच गावांत ही वही झालेलीही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली होती, त्यानंतर उशीर करणाऱ्या राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरायला सांगितलं होतं. त्यामुळं कामं भराभर उरकली. घाईत लिहिलेल्या वहीत काय असणार? वड, पिंपळ, आंबा, चिंच. कुठल्याही गावाला चालेल अशी यादी. म्हणून पहिलं काम हे करा : ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं जाऊन आपल्या गावची नोंदवही बघायला मागा. त्यात वाघाटी आहे का, कडवंची आहे का, सराटा कुठल्या माळावर येतो ते आहे का, हे तपासा. नसेल तर ती भर घालायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. वही एकदा लिहून कपाटात ठेवायची नसते, ती वाढत जायची असते.

याचा पैशाशीही संबंध आहे. गावच्या हद्दीतून कुणी व्यापारासाठी निंबोळी, गुळवेल, सराटा गोळा करून नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घ्यायची मुभा कायद्यानं या समितीला दिलेली आहे. गावातली माणसं आणि वैदू यांच्या वापरावर मात्र त्यामुळं गदा येत नाही. पण आपल्याकडं काय आहे हेच गावाला माहीत नसेल तर शुल्क कशाचं मागणार?

आता फेरी कशी काढायची ते. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहाला निघायचं आणि नऊच्या आत घरी. डोक्याला पदर किंवा टॉवेल, पायात बूट किंवा जाड चप्पल, प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली, एका पिशवीत गूळ-शेंगदाणे. गरोदर बाई, बीपीची गोळी चालू असलेली बाई यांनी ओढ्यापर्यंतच यावं, माळ चढू नये. दहा-बारा जणी पुरे. जास्त झाल्या की गप्पाच होतात (त्याही व्हाव्यात, पण परतीच्या वाटेवर).

सगळ्यात पुढं आजी किंवा मावशी. शेळ्या राखणारी, सुईण असलेली, सरपणाला फिरलेली बाई असेल तर उत्तमच. एकीनं विचारायचं, एकीनं लिहायचं, एकीनं मोबाईलवर फोटो काढायचे. लिहायला आठवी-नववीची पोरगी घेतली तर तिचंही शिकणं होतं. आजीला घाई करायची नाही, आणि "शास्त्रीय नाव काय?" असलं तर मुळीच विचारायचं नाही. "आत्याबाई, हे तुम्ही लहान असताना कुठं यायचं? आता कुठं येतं? कशाला वापरायचा?" असं विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं. एका सकाळी एकच वाट घ्या. एक दिवस ओढा, एक दिवस गायरान, एक दिवस म्हसोबाचं रान, एक दिवस पाझर तलावाचा काठ. जागा बदलली की झाडं बदलतात.

जे आता दिसत नाही, तेही लिहायचं. कडवंचीचा कंद या दिवसांत काळ्या रानात खाली झोपलेला असतो, वर टिपूसही दिसत नाही. पाथरी, कुंजीर, घोळ, तांदुळजा या भाज्याही पावसावर येणार. पण आजी बोट दाखवून सांगते, "त्या बोरीच्या खाली पाटीभर कडवंची निघायची." ती जागा लिहून ठेवा. खोल नांगरट सुरू झाल्यावर ती कमी झाली का, तणनाशक मारल्यापासून पाथरी दिसते का, हेही तिलाच विचारा.

वहीत नोंद कशी असावी याचा एक नमुना देते. शंभर पानी वही, एका झाडाला एक पान.

नाव : वाघाटी. दुसरं नाव : गोविंदफळ.
तारीख व वेळ : 12 मे, सकाळी 7.
जागा : गावाच्या उगवतीला, ओढ्यालगतचं जुनं कुंपण, बोरीच्या झाडावर चढलेली.
कशी दिसते : वेल, काटे जोडीनं व वाकडे, फूल पांढरं-गुलाबी, फळ अजून नाही.
किती : दोन वेली. पूर्वी याच कुंपणाला बऱ्याच होत्या.
वापर : आषाढ द्वादशीला कोवळ्या फळाची भाजी. कडूपणा घालवायची रीत (सांगितली तशी लिहावी).
कुणी सांगितलं : आजीचं नाव, वय, गल्ली.

यातली शेवटची ओळ कधीही सोडू नका. ज्ञान तिचं आहे, तर नाव तिचं लागलं पाहिजे. आणि एखादी सुईण किंवा वैदू म्हणाली की हे औषध मी सांगते पण लिहू नका, तर लिहायचं नाही. "औषधी, माहिती सांगणारीकडेच" एवढंच पानावर ठेवायचं. नोंदवहीत जे जातं ते सगळ्यांच्या डोळ्यांखाली जातं, हे तिला आधी सांगणं आपलं काम.

नावांचा घोळ होणारच. एकाच झाडाला पंढरपूर, मंगळवेढ्याकडं एक नाव, बार्शीकडं दुसरं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कानडी बोलणाऱ्या बाया कडुनिंबाला बेवु म्हणतात. तेलुगू घरांत त्याला वेप म्हणतात, आणि तरवडाला तंगेडु. खरं नाव कुठलं यावर वाद घालू नका, सगळी लिहा. फोटो चार काढा : पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो. फुलासकट एखादी छोटी फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वर पाटा ठेवून रोज कागद बदलला, तर आपल्या हवेत चार-पाच दिवसांत ती वाळते. ती तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या सरांना दाखवून शास्त्रीय नाव मागाहून घालता येतं. एक-दोनच रोपं असतील तिथं फांदीही तोडू नका, फोटोवर भागवा. मूळ तर उपटायचंच नाही.

मोबाईलमध्ये झाड ओळखणारी ॲपं आली आहेत. चांगली आहेत, पण चुकतातही. ॲपनं सांगितलं म्हणून कुठलंही पान, फळ, बी तोंडात घालायचं नाही. पोरं सोबत असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना मोगली एरंड दाखवा. त्याच्या बिया खाऊन पोरांना उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. धोतरा, कण्हेर, गुंज हीही ओळखून ठेवायची विषारी झाडं. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. माळावरचे दगड उलथू नका, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. साप चावला तर घट्ट बांधणं, चिरा देणं, मंत्र यात वेळ घालवू नका. 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

माळाबद्दल थोडं. आपण माळाला पडीक म्हणतो, आणि कुठली योजना आली की खड्डे तिथंच खणतो. पण नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं ते अशाच गवताळ माळासाठी. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं म्हणजे आपल्या जनावरांचा चारा, आणि तीही वनस्पतीच. नोंदवहीत गवताला पान द्या, माळाला 'पडीक' लिहू नका. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय जायचं नाही आणि तिथून काडीही आणायची नाही.

मे अखेरपर्यंत चार-पाच फेऱ्या झाल्या की वही ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. वाचताना भर पडते. "अगं, ते तर आमच्या विहिरीवर पण आहे," असं कुणीतरी म्हणतंच. मग मृगाचा पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस झाले की त्याच वाटांनी पुन्हा जा आणि आजीनं बोट दाखवलेल्या जागांवर काय उगवलं ते तिथंच लिहा. जुलैअखेर वहीची झेरॉक्स काढून एक प्रत ग्रामसंघाकडं ठेवा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं ठराव घ्या की ही माहिती गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावी, आणि सांगणाऱ्या बायकांच्या नावांसकट घ्यावी. ठरावाची प्रत सहीशिक्क्यासह मागून घ्या.