तिकडे काय घालू, ताई?

व्हिसा आला, तिकिटं झाली, आणि आता पलंगावर बॅग उघडी टाकून तू तिच्याकडे बघत बसली आहेस. रोम, फ्लॉरेन्स, मग दोन दिवस स्वित्झर्लंड आणि शेवटी पॅरिस. जाऊबाई म्हणाल्या, जीन्सच घे, पंजाबी ड्रेसमध्ये गावंढळ दिसशील. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, टुरिस्ट दिसलीस की पाकीट गेलंच म्हणून समज, तिथल्या बायकांसारखी राहा. आईने फोनवर बजावलं, टिकली काढायची नाही. तिघींचं ऐकून तू तीन याद्या केल्यास आणि आता एकही पटेना. ये, बस इथे. आपण नीट लावू सगळं.

पहिलं म्हणजे, तिथल्यांसारखं दिसायचं हे ओझं आधी उतरव बघू. खरं सांगू का, ते जमायचं नाही आणि जमायची गरजही नाही. हातात फोनवरचा नकाशा, मान वर करून घुमट बघणं, मागे राहिलेल्या नवऱ्याला भर चौकात मराठीत हाक मारणं... तू बाहेरची आहेस हे कपड्यांच्या आधी यावरूनच कळतं गं. कळू दे की! पाहुणी आहेस तू. पाहुणीने त्या घरचे नियम पाळावेत, जिथे चपला काढतात तिथे काढाव्यात. घरच्या माणसांसारखं दिसायची जबाबदारी तिच्यावर कुणी टाकलेली नसते.

आणि ज्या शहरांना तू इतकी बिचकते आहेस, ती शहरं जगभरच्या माणसांनी भरलेली आहेत. पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशनच्या पलीकडे ला शापेल नावाचा भाग आहे. तिथे श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती आणि दुकानं आहेत. काचेत साड्या लटकलेल्या दिसतील, आत कढीपत्ता मिळेल. तिथलं गणपतीचं देऊळ दरवर्षी उन्हाळा सरताना रथाची मिरवणूक काढतं, बायका साड्या नेसून, केसांत फुलं माळून चालतात आणि भर रस्त्यावर नारळ फोडले जातात. त्या शहराला तुझ्या चुडीदाराचं काय नवल वाटणार, सांग!

आता नियमांचं बोलू, कारण तिथे मात्र मी तुला सूट देणार नाही. व्हॅटिकनला सेंट पीटर्स बॅसिलिकात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बायकांचेही आणि पुरुषांचेही, हे नवऱ्याला आजच सांगून ठेव. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आणि सिस्टिन चॅपेलमध्येही तोच नियम. मिलानचं मोठं कॅथेड्रल, व्हेनिसचं सेंट मार्क, तिथेही तसंच. रोमचा उन्हाळा आपल्या नागपूरची आठवण करून देतो, त्यामुळे माणसं सकाळी बिनबाह्यांच्या टॉपवर आणि अर्ध्या चड्डीवर निघतात, भल्यामोठ्या रांगेत ताटकळतात आणि दाराशी अडवली जातात. मग बाहेरच्या फेरीवाल्याकडून सांगेल त्या भावात एक स्कार्फ घ्यायचा. तुला हे काही करावं लागणार नाही, कारण तुझ्याकडे ओढणी आहे. बघ, जिला तू गावंढळ समजून कपाटात मागे सारते आहेस, ती सुती ओढणी देवळात खांद्यावर येते, उन्हात डोक्यावर येते, विमानात पांघरायला होते. पुढे कधी इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेलीस तर तिथे डोकं झाकायलाही तीच. बँकॉकच्या राजवाड्यात आणि कंबोडियात अंकोर वाटला गुडघ्यावरचे आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. आपला साधा सलवार-कमीज तिथेही बिनबोभाट आत जातो. इतक्या दारांतून आत जाणारा कपडा आपल्या घरात असताना तू नवीन शोधत कशाला फिरतेस?

हे नियम आपल्याला जाचक वाटू नयेत. आपल्याकडे काय वेगळं आहे? मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरानेही २०२५ च्या जानेवारीत अंगभर कपड्यांचा नियम जाहीर केला. गोव्यात समुद्रावरून तसंच ओलेत्याने कुणी देवळात शिरलं तर आपल्या कपाळाला आठ्या पडतातच ना? तिथल्या माणसांचंही अगदी तसंच आहे. बार्सिलोनाने २०११ मध्ये पोहण्याच्या कपड्यांत शहरभर हिंडण्यावर बंदी घातली. इटलीतल्या सोरेन्तोने २०२२ मध्ये त्याच गोष्टीला ५०० युरोपर्यंत दंड लावला. समुद्रकिनाऱ्यावर काय घालावं याबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही. किनारा सोडून गावात आलात की गावासारखे कपडे घाला, इतकंच मागणं आहे. मला ते पूर्ण पटतं.

टिकलीचं म्हणशील तर लाव. जीन्सवर लाव, ड्रेसवर लाव, आणि नको वाटली तर नको लावूस. तो तुझा प्रश्न आहे, जाऊबाईंचा नाही आणि आईचाही नाही. या बाबतीत मला नेहमी आनंदीबाई जोशींची आठवण येते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या डॉक्टरी शिकायला कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सभेपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं होतं की आपला आहार आणि पोशाख आपण बदलणार नाही. विचार कर गं, त्या काळी ज्या गावात त्या उतरल्या तिथे अनेकांनी साडी नेसलेली बाई उभ्या जन्मात पाहिली नसेल. तरी त्यांनी शब्द पाळला. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला एक फोटो आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत: आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाहून आलेल्या साबात इस्लामबुली त्यांच्याकडच्या पोशाखात. कधी मिळाला तर तो फोटो निवांत बघ. तिघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर आपण वेगळ्या दिसतोय याचा संकोच नाही.

पण त्यातली एक बारीक गोष्ट लोक सांगायला विसरतात. आपल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडच्या थंडीत ते सोसवेना. म्हणून आनंदीबाईंनी साडी ठेवली, पण नेसण्याची तऱ्हा बदलली. पाय झाकले जावेत म्हणून गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपलं ते ठेवायचं, आणि हवा-पाणी सांगेल तेवढं त्यात बदलायचं. पुढे शिकून, डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बाविसाव्या वाढदिवसाच्या आधीच. त्यांचं नाव घेतलं की मला भरून येतं आणि मग मी तुझ्यासारख्या निघालेल्या प्रत्येकीला थंडीवरून जरा जास्तच दटावते.

तर आता थंडी. युंगफ्राउयोख हे तुमच्या यादीत असणारच, आपल्याकडची सगळी मंडळी जातात तिथे. ते स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे, आणि भर जुलै-ऑगस्टमध्येही तिथे बर्फ असतं. खाली इंटरलाकेनला सकाळी तू सुती कुर्त्यात फिरत असशील आणि दुपारी वर शून्याच्या आसपास उभी असशील. यासाठी एक भला जाडजूड कोट घेऊन अर्धी बॅग अडवू नकोस. अंगाला लागून थर्मल, त्यावर नेहमीचा कुर्ता, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जाकीट. कानटोपी आणि हातमोजे विसरू नकोस. खाली उतरलीस की एकेक काढून पाठीवरच्या पिशवीत टाक. तू मागवलेल्या तीन कोटांपैकी दोन आजच परत पाठव. लेबलं काढली नाहीस ना अजून?

पायांकडे वळू. तुला वाटतंय कपड्यांवर सहल अवलंबून आहे. अगं, ती बुटांवर अवलंबून आहे! रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडांचे लहान लहान ठोकळे बसवलेले आहेत, पाऊस पडला की निसरडे आणि एरवी तळव्यांना टोचणारे. नव्या कोऱ्या, टाचेच्या, चकचकीत सँडल त्या दगडांवर अर्धा तास टिकत नाहीत. ग्रीसने तर २००९ मध्ये प्राचीन अवशेषांवर टोकदार टाचांच्या चपलांना बंदीच केली, कारण त्या टाचांखाली संगमरवराला इजा होते. आणि फ्लॉरेन्सहून एक दिवस काढून चिंक्वे तेर्रेच्या डोंगरवाटांवर जायचं मनात असेल तर ऐक, तिथे २०१९ पासून साध्या सपाता घालून पायवाटेवर आलेल्यांना ५० युरोंपासून २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. सुटका करायला माणसं डोंगरात पाठवावी लागत होती म्हणून केला त्यांनी तो नियम. तेव्हा चांगले रुळलेले, पायाला सवय झालेले बूट. पांढरे असोत, निळे असोत, ड्रेसखाली कसे दिसतील याचा विचारसुद्धा करू नकोस.

पाकीटमारांची भीती मात्र खोटी नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या जाचाला कंटाळून काम थांबवलं, आणि एक दिवस ते संग्रहालय उघडलंच नाही. पण मैत्रिणीचा उपाय चुकीचा आहे. चोराला तुझ्या कुर्त्याशी देणंघेणं नसतं, तुझं लक्ष कुठे आहे ते तो बघतो. मेट्रोत चढताना, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, फोटो काढताना, कुणी कागद पुढे करून सही मागतं तेव्हा. खांद्यावरून आडवी येणारी, चेन असलेली पिशवी पुढे घे आणि हात तिच्यावर ठेव. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये. कुर्त्याला आतून एक खिसा शिवून घे ना, कोपऱ्यावरचा टेलर संध्याकाळपर्यंत देईल.

सोनं मात्र घरी. यात मी तुझं काही ऐकणार नाही. भारतीय बायकांच्या अंगावर खरं सोनं असतं हे तिकडच्या चोरांनाही आता ठाऊक आहे. इंग्लंडमधले पोलीस दिवाळीच्या सुमारास आपल्या लोकांना दागिने सांभाळा म्हणून सांगत असतात. मंगळसूत्राशिवाय चैन पडत नसेल तर काळ्या मण्यांची छोटी सर घाल, पाटल्या-बांगड्या लॉकरमध्ये ठेवून ये.

नवऱ्याचीही थोडी काळजी घे, कारण त्याच्या कपड्यांचा विचार कुणी केलेला नसतो, त्याने स्वतःही नाही. फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांत पुरुषांना ढगळ बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डीच लागते, आणि पुष्कळ ठिकाणी टोपीही. स्वच्छतेचा नियम आहे, वाद घालून उपयोग नाही. आणि उद्या क्रिकेट बघायला वेस्ट इंडीजला जायचं त्याच्या डोक्यात आलं, तर त्याची ती लाडकी लष्करी छापाची पँट आधी बाजूला काढ. जून २०२४ मध्ये आपण ज्या बार्बाडोसमध्ये विश्वचषक जिंकला, तिथे लष्कराबाहेरच्या कुणीही तसा कपडा घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा.

तू हळूच विचारलंस ना, तिथला पोशाख हौसेने घातला तर चालतो का? चालतो की. क्योटोमध्ये किमोनो भाड्याने देणारी दुकानंच आहेत आणि ती माणसं मनापासून नेसवतात. फक्त नेसवणारीचं ऐकायचं. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर येते. उलट घडी ती मृत माणसाला नेसवताना घालतात. हौस करावी, पण आधी विचारून, शिकून करावी. आपली नऊवारी कुणी परदेशी मुलगी नीट शिकून नेसली की आपल्याला किती आनंद होतो!

आता ऊठ. दोन जीन्स, तीन सुती कुर्ते, एक बरा ड्रेस, थर्मल, स्वेटर, पातळ जाकीट, दोन ओढण्या. तुझी आवडती जांभळी साडी घ्यायचीच असेल तर पॅरिसच्या शेवटच्या संध्याकाळसाठी घे आणि एक जास्तीची पिन ठेव. कपडे कमी पडले तर धुता येतात, हॉटेलच्या बेसिनमध्ये सुती कुर्ता रात्रीत वाळतो. बाकी सगळं परत कपाटात. आणि ते बूट आजपासूनच घालून रोज संध्याकाळी तासभर चालायला लाग, जायला अजून तीन आठवडे आहेत.